बिननावाचं फुलपात्र

सोफा दारात अडकला. अर्धा आत, अर्धा गल्लीत. आतून अण्णा ओढत होते, बाहेरून पाठक वकिलांचे दोन कारकून ढकलत होते आणि मध्ये उभी राहून आत्या सगळ्यांना शहाणपण शिकवत होती.

"अरं, तिरका घ्या. नवरीगत सरळ काय आणताय?"

"आत्या, कशाला गं हे?" मी म्हटलं. "लोबो टीचर सांगून गेल्यात ना, घर आहे तसंच दिसू दे म्हणून."

"आहे तसं?" आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी पाहुण्यांसमोर परकर-पोलक्यात नाचणार म्हणाले होते. "आजवर कुणी दाखवलंय का आहे तसं? तुझ्या आईला बघायला गेलो तवा त्यांच्या दारात दोन म्हशी बांधलेल्या. लग्नानंतर गेलो, तर एकबी न्हाई. आम्ही काय बोललो? न्हाई बोललो. रीत असती ती."

सोफा एकदाचा आत आला आणि आमच्या घरात माणसांना उभं राहायला जागा उरली नाही.

आमचं घर म्हणजे कराडच्या कासार गल्लीतली दीड खोली. आई मी लहान असतानाच गेली. अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे या आत्यानं, मला वाढवलं. अण्णा भांड्यांवर नावं घालायचे. गल्लीच्या तोंडाशी भांड्यांचं मोठं दुकान होतं, त्याच्या पायरीवर पोतं टाकून बसायचे. हातात पेनासारखं धरायचं मशीन. ते घर्रर करत स्टीलवर टिंब टिंब पाडत जायचं आणि टिंबांची अक्षरं व्हायची. कराडात लग्न असो, मुंज असो, कुणाचं वर्षश्राद्ध असो, वाटायच्या भांड्यांवर अक्षर अण्णांचंच. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात माझ्या बापाचा हात फिरलेला होता. पैशाच्या बाबतीत मात्र तो हात कायम कोरडा.

मी सोळा वर्षांची होते. दहावीला तालुक्यात पहिली आले होते आणि आमच्या इंग्रजीच्या लोबो टीचरांनी स्कॉटलंडमधल्या एका शाळेत माझा अर्ज घातला होता. समुद्राकाठची निवासी शाळा. बाहेरदेशातल्या एका मुलाला किंवा मुलीला ती दर वर्षी दोन वर्षांसाठी फुकट घ्यायची. फी, राहणं, जेवणखाण, सगळं शाळेचं. टीचर तिला 'बर्सरी' म्हणायच्या. "वनिता, नीट लक्षात ठेव," त्यांनी मला बजावलं होतं, "ही नुसत्या हुशारीची नाही. हुशार तर शेवटच्या यादीतली चौघंही आहेत. ज्याला याशिवाय दुसरा रस्ताच नाही, त्याला ही मिळते. म्हणून त्या बाई घर बघायला येतायत."

टीचर स्वतःच दुभाष्या म्हणून येणार होत्या. पण गोव्याला त्यांची बहीण बाळंत व्हायला आली होती आणि बाळानं काही आमची वाट बघितली नाही. म्हणून आता दुभाषीही मीच आणि बघायची मुलगीही मीच.

बर्सरी मिळाली नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. इस्लामपूरच्या एका भांडीवाल्यांचं स्थळ आत्याच्या पदराला गाठ मारून ठेवलेलंच होतं. मुलगा चांगला होता, दुकान चालतं होतं. पण मला शाळेत जायचं होतं. इतकं जायचं होतं की रोज जाग आली, की पहिला विचार तोच यायचा.

आणि आत्याला एकच गोष्ट कळली होती: परकी माणसं आपल्या पोरीला बघायला येणार. तशी माणसं येतात तेव्हा काय करायचं, हे तिला जन्मापासून पाठ होतं.

दुपारपर्यंत मुल्ला डॉक्टरांचा फ्रिज आला. तो बंद पडला होता आणि दुरुस्तीला निघाला होता, त्याला आत्यानं वाटेतच आमच्याकडं वळवलं. तसाही आमच्याकडं एक बल्ब आणि एक पंखा यांपलीकडं वायर गेलेली नव्हती, त्यामुळं तो चालतोय की नाही याची कुणाला फिकीर नव्हती. माठातलं पाणी बाटल्यांत भरून त्यात मांडून ठेवलं. शेजारच्या साळवी वहिनींची मोरपंखी साडी मला नेसवली. पाठकांच्या सुनंदानं भरलेला मोरांचा रुमाल सोफ्याच्या पाठीवर टाकला. ताटल्या, वाट्या, कपबशा, तांब्या तर गल्लीतल्या घराघरांतून आले. कुणी नाही म्हटलं नाही. उलट कमी दिलं तर नाक कापलं जाईल अशा ईर्षेनं दिलं.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा," मी त्यांना कोपऱ्यात गाठून म्हटलं. "श्रीमंत दिसलो तर मला नाही मिळायची ती."

अण्णा नवा सदरा घालून अवघडून उभे होते. "पोरी, मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. "पर बाप म्हणून चार माणसांत माझं काय कमी दिसावं, आसं मलाबी वाटत न्हाई गं."

मी मोरपंखी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

शाळेच्या मर्डॉकबाई चार वाजता आल्या. पुण्याहून टॅक्सी करून. ताडमाड उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या, पायात सपाट बूट, डोक्यावर कापडी टोपी. दारात वाकूनच आत आल्या. आत्यानं मला कोपरानं ढोसलं, "पाया पड." मी पटकन वाकले. बाई दचकून मागं सरकल्या. माझं काहीतरी खाली पडलं असं त्यांना वाटलं, म्हणून त्याही वाकून जमिनीवर शोधायला लागल्या. आम्ही दोघी क्षणभर सोफ्याखाली काहीच नसलेलं शोधत होतो. दाराबाहेर जमलेल्या गल्लीला हा तिकडचा रिवाज वाटला असणार.

आत्यानं कांदेपोहे दिले, रव्याचे लाडू दिले, फ्रिज उघडून सगळ्यांना दिसेल अशी बाटली काढली आणि कोमट पाणी तांब्यात ओतून दिलं. बाई "थँक्यू" म्हणत होत्या. मग आत्या मुद्द्यावर आली.

"सांग त्यांना, सैपाक येतो. पुरण जमतं. उंची पाच फूट दोन."

मी सांगितलं.

"ह्यो रुमाल तूच भरलाय म्हणून सांग."

"हा मी भरलाय असं त्या म्हणतात," मी इंग्रजीत म्हटलं. मर्डॉकबाईंनी रुमालाकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

त्यांनी मला विचारलं, काय शिकायला आवडेल? हे मात्र कुणी पढवलेलं नव्हतं. मी सांगत सुटले. अण्णांचं मशीन पितळेवर धरलं की सुई लोण्यात जावी तशी रुतते आणि स्टीलवर मात्र घसरते. तेच मशीन, तोच हात, मग असं का? अण्णांना हातानं कळतं, पण सांगता येत नाही. विज्ञानाच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले परीक्षेला नाही. मला धातूच्या आत काय असतं ते बघायचंय. बोलता बोलता माझा पदर खांद्यावरून घसरला आणि आत्यानं तो मागून पिनेसकट वर ओढला.

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि खोलीभर नजर फिरवली. सोफा, फ्रिज, भरलेला रुमाल, चकचकीत भांडी. त्यांचा चेहरा जरा उतरला.

"वनिता, तुझं घर फार छान आहे," त्या हळू म्हणाल्या. "पण मला तुझ्या वडिलांना एक गोष्ट सरळच विचारायला हवी. आम्ही मदत केली नाही, तरी ते तुला पुढं शिकायला पाठवू शकतील का?"

मी अण्णांना मराठीत सांगितलं. अगदी शब्दाला शब्द. आणि डोळ्यांनी विनवलं, अण्णा, खरं बोला.

दारात गल्ली उभी होती. पाठक वकील होते, साळवी वहिनी होत्या. अण्णांनी छाती फुगवली. मुलीच्या बापानं जे म्हणायचं असतं, तेच ते म्हणाले. "सांग त्यांना. एकुलती एक पोरगी हाय. कशाला म्हणून कमी पडू देणार न्हाई."

मी पदराची पिन चाचपली.

"सांग की," आत्या म्हणाली.

मला वाटलं, उलटंच सांगावं. इंग्रजी इथं वकील सोडले तर कुणाला कळतंय, आणि ते काही बोलायचे नाहीत. नाही, त्यांना परवडत नाही, असं म्हटलं की झालं. पण अण्णा माझ्याकडं इतक्या अभिमानानं बघत होते की माझ्याच्यानं त्यांच्या तोंडावर त्यांचं बोलणं फिरवणं झालं नाही. "मला काही कमी पडू देणार नाहीत, म्हणतात," मी सांगितलं.

मर्डॉकबाईंनी मान हलवली. मांडीवरची पर्स मिटली. संपलं, मी मनात म्हटलं. इस्लामपूर.

उठताना त्या सभ्य बाईनं आपली रिकामी ताटली उचलून आत्याच्या हाती द्यायला धरली. तेव्हा तिच्या काठाखाली त्यांच्या बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. त्या थांबल्या. बोट पुन्हा फिरवलं. ताटली उजेडाकडं तिरकी केली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"काय इचारत्यात?" अण्णा म्हणाले.

"ही टिंबं कसली, म्हणून विचारतायत."

सांगते, अण्णांचा चेहरा तेव्हा जसा उजळला तसा मी त्यांच्या उभ्या आयुष्यात दोनदाच बघितला. दुसरी वेळ पुढं येईलच. साता समुद्रापलीकडची बाई येते, सोफा बघत नाही, फ्रिज बघत नाही, आणि त्यांच्या अक्षरावर बोट ठेवते. मुलीचा बाप कुठल्या कुठं गेला आणि नावं घालणारा पुढं सरसावला.

"अक्षर माझं हाय, सांग. माझ्या हातचं." त्यांनी ताटली बाईंच्या हातातून जवळजवळ हिसकावली. "ह्ये बघा. 'कैलासवासी गंगूबाई बाळकृष्ण साळवी यांच्या स्मरणार्थ.' ह्या साळवी वहिनींच्या सासू. लांब नाव, पर एका ओळीत बसवलंय. आन् ही वाटी. पाठक वकिलांच्या सुहासच्या मुंजीची. ह्यातला 'ञ' बघा, 'ञ'. कराडात दुसऱ्या कुणाला घालायला जमत न्हाई."

'मुंज'मधल्या अनुस्वाराऐवजी 'ञ' का लागतो, हे विचारायचं मी सोडून दिलं. पण बाकी सगळं मी भाषांतर करत होते. आता माझी गाडी अडत नव्हती. एक शब्द गाळला नाही.

आत्यानं अण्णांच्या सदऱ्याचं टोक मागून ओढलं. त्यांना पत्ता नाही.

"तांब्या मुल्ला डॉक्टरांच्या रझियाच्या लग्नातला. उर्दूबी घातलंय खाली, मौलवींनी कागदावर काढून दिलं, मी तसंच उतरवलं. आन् ह्यो ट्रे आपल्या गणेश मंडळाचा. मंडळाचं भांडं हाय, चोरीला लय जातं, म्हणून दोन्ही बाजूंनी घातलंय."

मर्डॉकबाई परत सोफ्यावर टेकल्या. एकेक भांडं हातात घेत होत्या, फिरवत होत्या, बोटानं टिंबं चाचपत होत्या. मग त्यांनी माझ्याकडं बघून अगदी सावकाश विचारलं, "म्हणजे ही सगळी वेगवेगळ्या लोकांची नावं आहेत. यातलं तुमचं एकही नाही?"

मी ते मराठीत सांगितलं.

अण्णांचं बोट ट्रेवरच थांबलं. अण्णांनी आत्याकडं बघितलं. आत्यानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. पण तिचे खांदे गदगदत होते, तिला हसू फुटलं होतं.

"आता सोफाबी सांग," ती म्हणाली. "फ्रिजबी सांग. मागं कशाला काय ठिवतोस, मुडद्या?"

मी सांगितलं. सोफा वकिलांचा, फ्रिज डॉक्टरांचा आणि तोही बंद, साडी साळवी वहिनींची.

"आणि रुमाल?" मर्डॉकबाईंनी विचारलं.

"सुनंदाचा."

बाई हसल्या. अशा हसल्या, की हातातली कपबशी किणकिणायला लागली. मग अण्णा हसले, मग दारातली गल्ली हसली. पाठक वकील तर इतके हसले, की त्यांना त्यांच्याच सोफ्यावर बसवावं लागलं.

हसणं ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "मग तुमचं स्वतःचं असं काय आहे? मला त्यातलं पाणी द्याल?"

अण्णा आत गेले आणि आमचं फुलपात्र घेऊन आले. पितळेचं, एका बाजूला पोचा आलेलं, आतून कल्हई केलेलं. आम्ही तिघं त्यातच पाणी प्यायचो. बाई माठातलं पाणी त्यातून प्यायल्या, मग त्यांनी सवयीनं ते उलटं करून टिंबं शोधली. सगळीकडं फिरवून बघितलं.

"यावर नाव नाही. साऱ्या गावाची नावं घातलीत, आणि स्वतःच्या भांड्यावर नाही?"

अण्णांना प्रश्नच कळेना. त्यांच्या दृष्टीनं ते इतकं सरळ होतं. "नाव कशापायी घालत्यात?" ते म्हणाले. "भांडं दुसऱ्याच्या घरी जातं, लग्नाकार्याला जातं, तवा ते चुकू नये, फिरून आपल्या घरी यावं म्हणून. आमचं भांडं कुठं जातंय बाहेर?"

मी सांगत होते आणि बाई माझ्याकडं बघत होत्या. अण्णांकडं नाही, माझ्याकडं. मग त्यांनी मघाशी मिटलेली पर्स उघडली आणि आतून आपल्या थर्मासचं टोपण काढून अण्णांसमोर धरलं. यावर माझं नाव घालून द्याल?

मी वहीच्या पानावर इंग्रजीत लिहून दिलं. अण्णांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. दुकानाच्या पायरीवर जाऊन, पोतं टाकून त्यांनी ते एकदा डोळे भरून बघितलं आणि मशीन लावलं. बाईंनी पैसे विचारले तेव्हा अण्णांनी दोन्ही कान धरले. पाहुण्यांकडून घेत नसतात.

टॅक्सी वळली तशी आत्यानं विचारलं, "काय म्हणाल्या? पसंत?"

"कळवते म्हणाल्या."

"मग झालं," आत्या म्हणाली. "कळवतो म्हणणाऱ्यानं आजवर कधी कळवलेलं न्हाई."

पण त्यांनी कळवलं. महिन्याच्या आतच टपाल आलं आणि गल्लीत पेढे वाटले गेले. ते कुणी आणले, याचा नीट पत्ता कधी लागला नाही. पाठक वकील पुढं कित्येक वर्षं सांगायचे, "आमच्या सोफ्यावर बसून ठरलं ते." मुल्ला डॉक्टरांचं म्हणणं, फ्रिजमुळं ठरलं. आत्याचं म्हणणं, पोह्यांमुळं. लोबो टीचर बहिणीचं बाळ बघून परत आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

निघायच्या दिवशी मी पुन्हा उसनीच सजले होते. सूटकेस डॉक्टरांची, स्वेटर सुनंदाचा, लोकरीची टोपी वकिलांच्या काशीयात्रेतली. सामान बांधून झालं तेव्हा अण्णांनी सूटकेस उघडायला लावली आणि कपड्यांच्या मध्ये ते पितळी फुलपात्र ठेवलं.

"अण्णा, तुम्ही पाणी कशातनं पिणार?"

"पिऊ की कशातनंबी. तू बघ तरी."

मी ते उलटं केलं. पोच्याच्या वरच्या बाजूला, नवं, लखलखीत: वनिता. आणि खाली: कासार गल्ली, कराड.

"गल्ली कशाला घातली?" मी विचारलं. त्यांनी कुणाच्याच भांड्यावर कधी पत्ता घातला नव्हता.

"लांब चाललंय," अण्णा म्हणाले. आणि मशीन पुसायला लागले.

मी तेव्हा रडले. आत्याही रडली. अण्णा नाही. ते मशीन पुसतच राहिले.

त्या शाळेत वारा इतका होता, की पहिले आठ दिवस मी भिंत धरून चालायचे. खोलीत घानाची अबेना नावाची मुलगी होती. तिला माझं फुलपात्र भारी आवडायचं. त्यातून कोको पिऊन ती ते कुठंही विसरायची. पण वसतिगृहात कुणालाही सापडलं, की ते माझ्याच टेबलावर येऊन बसायचं. मराठी कुणाला वाचता यायचं नाही, पण टिंबं दिसली की सगळ्यांना कळायचं हे कुणाचं. तिथल्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा पितळेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. आत नक्षी होती, दाण्यादाण्यांची, एकाला एक चिकटलेली. सुई का रुतते ते मला त्या दिवशी कळलं. मी अण्णांना चार पानी पत्र लिहिलं. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, "हे आम्हाला ठाऊक होते. तुला दिसले याचा आनंद झाला." आज मी धातूंचीच माणूस आहे. पुलाच्या, विमानाच्या, कृत्रिम गुडघ्याच्या धातूत तडा का जातो, ते शोधणं हेच माझं काम आणि त्यावरच माझं पोट. सगळ्याची सुरुवात त्या दीड खोलीत, बंद फ्रिजशेजारी झाली.

दोन वर्षांनी मी पहिल्यांदा घरी आले. पुढं विद्यापीठात जागा मिळाली होती, आणखी चार वर्षं. हे कसं सांगायचं, याचीच सबंध प्रवासभर उजळणी करत होते. कराडच्या स्टँडवर अण्णा आणि आत्या उभे होते. आत्यानं माझी अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली आणि "वाळलीस" म्हणाली. अण्णांनी मला बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि सूटकेसकडं बोट दाखवलं.

"आणलंस का?"

स्टँडवरच, लोकांच्या वाटेत, मी सूटकेस उघडून फुलपात्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सदऱ्याच्या टोकानं पुसलं. उलटं करून आपलं अक्षर वाचलं. आणि त्यांचा चेहरा तसाच उजळला, त्या दिवशी ताटली हातात घेताना उजळला होता तसा.

"अण्णा," मी म्हटलं, "मला अजून चार वर्षं जावं लागेल."

त्यांनी फुलपात्र पुन्हा कपड्यांच्या मध्ये ठेवलं, सूटकेस बंद केली आणि खटके दाबून बघितले.

"जाऊ दे की," ते म्हणाले. "परत येतंय, ते बघितलं मी."